देवळापासून चौथं घर

नववीला समोच्च रेषा शिकवायच्या दिवशी मी घरून बटाटे नेते. बटाटा मधोमध कापायचा, अर्धा पालथा ठेवायचा, त्याचे आडवे काप करायचे आणि सगळ्यात मोठ्या कापापासून सुरुवात करून एकेकाची कड कागदावर पेनने गिरवायची. एका गोलात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. डोंगर वरून कसा दिसतो ते कागदावर उतरतं. मुलं दरवर्षी विचारतात, मॅडम, याची भाजी करायची का? मी दरवर्षी सांगते, आधी डोंगर करा.

पुस्तकात व्याख्या आहे आणि ती मुलांना पाठ असते. समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. पण नकाशा पुढे ठेवून विचारलं, की बाबांनो, इथून चालत जायचं झालं तर दम कुठे लागेल, तर निम्मा वर्ग रेषा विरळ आहेत तिथे बोट ठेवतो. का? तर, "तिथं लय मोकळं हाय मॅडम, ऊन लागंल." उत्तर चुकीचं आहे, पण खटाव तालुक्यातल्या पोरांच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे. म्हणून मी रागावत नाही. वडूजजवळच्या या हायस्कुलात वीसेक वर्षं भूगोल शिकवल्यावर एवढं कळलंय, की वरून बघणं माणसाला आपोआप येत नाही. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला तर पोरं रस्ता आडवा काढतात आणि त्यावर पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, पिठाची गिरणी सगळं उभं काढतात, दारातून दिसतं तसं. मी सांगते, आता कावळा होऊन काढा. मग टाकीचा गोल होतो, झाडाचा गोल होतो, आणि कुणीतरी विचारतंच, की मग टाकी कुठली आणि झाड कुठलं? तिथून खरा तास सुरू होतो.

हे सगळं मी पोटापाण्यासाठी करते आणि बरं करते, असं माझं मत आहे. आपल्या घरात या विद्येचा उपयोग होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आई दर एप्रिलला पंधरा दिवस माझ्याकडे येते, कुरडया-पापडांसाठी. माझ्या सासरची गच्ची मोठी आहे आणि खटावचं ऊन कडक आहे, एवढंच कारण ती सांगते. या खेपेला ती आली त्याच आठवड्यात माझ्या मामेभावाने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. कोयनेचं पाणी खूप खाली गेलं होतं. भेगाळलेल्या चिखलात एक दगडी जोतं, त्याच्या दोन पायऱ्या आणि एक मोडकी दीपमाळ. खाली त्याने लिहिलं होतं, आत्याला दाखव, आपलं देऊळ.

आईचं माहेर धरणात गेलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. गाव उठलं आणि सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढे सपाट माळावर नव्याने बसलं. नाव तेच. सुट्टीत आम्ही आजोळी जायचो ते या नव्या गावात. सरळ गल्ल्या, चौकोनी प्लॉट, सगळी आखणी सरकारी. मात्र प्लॉट घेताना म्हाताऱ्यांनी एक हट्ट धरला होता: शेजार मोडायचा नाही. वर, जुन्या गावात, ज्याच्या भिंतीला ज्याची भिंत, इथेही तसंच. देवही आणला, त्याच्यासमोर गल्ल्या पाडल्या आणि माणसं पूर्वीच्या क्रमाने बसली. त्यामुळे त्या गावात आजही कुणाला जुन्या गावाबद्दल विचारा, तो समोरच्या गल्लीकडे बोट दाखवून सांगतो. "हे असं देऊळ, हा असा रस्ता, इथं तुमचं." आमचं घर देवळाच्या उजव्या हाताला चौथं. हे मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

आईने तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग म्हणाली, "देऊळ उघडं पडलंय म्हंजे आमचं जोतंबी उघडं पडलं असंल."

"असेल."

"मला जायचंय. एकदा जोत्यावर हुबं ऱ्हायचं. मग तुमी मला कुटं न्यायचं तितं न्या."

"आई, गुडघे बघ तुझे."

"गुडघे मी बघते, तू गाडी बघ."

मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, मे अखेरपर्यंत पाणी अजून उतरेल, तेव्हा जाऊ, पण चिखलात जोती शेकड्याने आहेत, आत्याचं कुठलं ते कोण सांगणार? वरचं गाव पाहिलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांच्यात आई सर्वांत धाकटी. मी म्हटलं, देवळापासून चौथं. तो म्हणाला, ताई, तिथं गल्ल्या न्हाईत, नुसता उतार आहे. कुठल्या बाजूनं चौथं?

पाटणच्या शाळेत माझी बी.एड.ची मैत्रीण भूगोल शिकवते. तिच्याकडे धरणाआधीच्या मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स होती. तिने ती पोस्टाने पाठवली. मोबाईलवर फोटो काढून पाठव म्हटलं तर म्हणाली, बारीक रेषा आहेत, तुला चष्म्यानेही दिसायच्या नाहीत. बरोबर बोलली. नकाशात नदी होती, ओढे होते, देवळाची खूण होती आणि घरांचे बारीक काळे ठिपके होते. गावठाणात दाट, आणि इकडेतिकडे दोन-तीनच्या पुंजक्यांनी विखुरलेले. आईला दाखवला. तिने चष्मा लावून कागद उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "ह्यात काय न्हाई," म्हणाली.

परीक्षा झाल्या होत्या, पण शाळा सुरू होती आणि पोरांना काम नव्हतं. मी नववीला सांगितलं, पुठ्ठ्याचे थर रचून हा नकाशा उठवायचा. चौकोन पाडून दसपट मोठा केला. वाण्याकडून बिस्किटांची खोकी आणली. वर्गात चाळीस मुलं आणि नदीपासून सुळक्यापर्यंत छत्तीस रेषा, तेव्हा एकेकाला एक थर दिला. उरलेल्या चौघांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. एक थर म्हणजे पन्नास फूट. पहिल्या दिवशी दोघांनी उलटी बाजू कापली आणि डोंगराच्या जागी खड्डा आला. दुसऱ्या दिवशी उंदरांनी सतरावा थर कुरतडला, खळ लागली होती ना. तो पुन्हा कापला. हेडसर येऊन बघून गेले आणि म्हणाले, हे अभ्यासक्रमात आहे का? मी म्हटलं, धडा तिसरा. ते गेले.

पाचव्या दिवशी दरी उभी राहिली. टेबलभर. मी देवळाच्या खुणेवर टाचणी लावली, उजव्या हाताला चौथ्या ठिपक्यावर काडेपेटीचा तुकडा चिकटवला आणि आईला शाळेत घेऊन आले.

तिने टेबलाला एक फेरी मारली.

"ह्या काय, भाकऱ्यांची चवड हाय व्हय?"

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "आई, ही नदी. हे देऊळ. हे तुझं घर."

तिने काडेपेटीच्या तुकड्याकडे बघितलं, मला बरं वाटावं म्हणून मान हलवली आणि खुर्चीत बसली. तिला काहीही ओळखू आलेलं नव्हतं. मला थोडा राग आला, चाळीस पोरांची पाच दिवसांची मेहनत होती. तेवढ्यात मागून एक मुलगी बोलली. मेंढपाळाच्या घरातली, पावसाळा सोडला तर आई-बाप सगळे मेंढरांमागे, ही चुलत्याकडे राहून शिकते. वर्गात बोलायची कमी, बोलली तर वाकडंच.

"मॅडम, आज्जी वरनं कशा वळखतील? त्या काय हेलिकाप्टरात ऱ्हात हुत्या?"

"मग काय करायचं?"

"तुमचा मोबाईल द्या."

तिने मोबाईल उलटा धरला, कॅमेऱ्याचं भिंग पुठ्ठ्याला टेकेल असा, आणि काडेपेटीच्या तुकड्याशेजारी ठेवून उगवतीकडचा फोटो काढला. मग तो आईच्या हातात दिला. त्या फोटोत आमची पुठ्ठ्याची चवड नव्हती. जमिनीवर उभं राहून मान वर केली की दिसतात तसे डोंगर होते, पायऱ्यापायऱ्यांचे, पण डोंगर.

वीस वर्षं मी मुलांना कावळा व्हायला शिकवत होते. कावळ्याला खाली उतरता आलं पाहिजे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आईने फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे आमच्या अंगणातनं न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"शिंगं कुटं हायत?" आणि मग तिने जे सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. सकाळी तिची आई तिची वेणी घालायची, अंगणात. तोंड उगवतीला. समोर एक बुटका डोंगर, त्याला बैलासारखी दोन शिंगं, आणि शिंगांच्या बरोब्बर मधोमध मागचा सुळका, कुंकवाचं बोट ओढल्यासारखा. मान हलवली की वेणीला हिसका बसायचा, म्हणून ती सुळक्यावर नजर लावून बसायची. रोज. "ह्यात सुळका एका शिंगामागं गेलाय. हे दुसऱ्या कुणाचं तरी आंगण हाय."

"मग आज्जी, कुटं सरू?" मुलीने विचारलं.

पुढचा अर्धा तास वर्गात दोनच माणसं बोलत होती. मुलगी मोबाईल पुठ्ठ्यावरून इंच-इंच सरकवायची, फोटो काढायची, आणून दाखवायची. आई म्हणायची, अजून डावीकडं. न्हाई, लय झालं. शिंगं मिळाली पण सुळका नुसता नाकाएवढा हाय, आमचा अख्खा दिसायचा. मग जरा मागं सर की. अगं मागं म्हंजे नदीकडं. ओढा लागला? ओलांड. पोरं टेबलाभोवती दाटीने उभी राहून बघत होती. ज्यांना परीक्षेत नकाशा-वाचनाला पाचपैकी एक पडला होता ती हळू आवाजात सांगत होती, आता डावं शिंग पुढं येणार बघ. आणि यायचं.

शेवटच्या फोटोवर आईने बोट ठेवलं. दोन शिंगं, मधोमध सुळका.

मी झेरॉक्स काढून ती जागा पाहिली. ओढ्याच्या पलीकडे, गावठाणापासून तोडून, नदीकडच्या उतारावर तीन काळे ठिपके. छोटी वस्ती.

"तिथं तीनच घरं होती का गं?" मी विचारलं.

"व्हय की. आमचं, थोरल्या चुलत्याचं आणि एक..." ती थांबली. "म्हंजे देवळापासनं चौथं न्हवतंच."

"चौथं खालच्या, नव्या गावात. विट्याकडे. तिथे वस्तीही गल्लीतच बसवली."

"मी सगळ्यांस्नी तेच सांगत आले की गं. तुला, पोरांस्नी, नातवंडांस्नी." ती स्वतःवरच चिडल्यासारखी हसली. "साठ वर्सं चुकीच्या दारात नेऊन सोडलं."

आता पुढची गोष्ट मला मोबाईलने ओढा ओलांडला तेव्हाच कळली होती. जमलं असतं तर मी ती आणखी दोन दिवस सांगितली नसती. पण ज्या मुलीला मीच थर मोजायला शिकवलं होतं, तिने ते मोजले. देवळाच्या टाचणीपासून खाली बोट फिरवत, एकदा आणि पुन्हा एकदा.

"मॅडम, घर देवळाच्या दोन थर खाली हाय. शंभर फूट."

"हं."

"आणि देऊळच आत्ता कुटं निगालंय. म्हंजे आज्जीचं घर..." तिने माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर आलं होतं आणि ते द्यावं की नाही हे माझ्या तोंडावर वाचत होती. मी तिला थांबवलं नाही. बरोबर उत्तर दिलेल्या पोराला गप्प बसवणं मला जमत नाही. "आज्जी, तुमचं घर कवाच उघडं पडत न्हाई."



"नीट मोजलंस का?" आईने विचारलं.

"दोनदा, आज्जी."

"हुशार हायस," आई म्हणाली आणि पदर सावरून उठली. मी पोरांना दरी झाकून ठेवायला सांगितली आणि आईला स्कूटीवर बसवून घरी आणलं. वाटेत ती माझ्या खांद्याला धरून होती. एरवी ती सीटची मागची कडी धरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुरडया घातल्या. पहाटे चीक शिजवला, गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, सोऱ्या ती दाबत होती, मी उचलून मांडत होते. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की तिला जोतं मिळणार नाही हे मी बटाटे कापून शिकवलेल्या विद्येने सिद्ध केलं. नकाशा मागवला नसता तर मे महिन्यात ती देवळाशेजारच्या कुठल्यातरी जोत्यावर उभी राहिली असती, चौथं मोजून, आणि समाधानाने परत आली असती. ते जोतं दुसऱ्याचं असतं, पण तिला कोण सांगणार होतं? मी हे मनात घोळवत होते आणि कुरडयांची ओळ वाकडी होत होती.

"सरळ ठेव," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती शिंगं आणि सुळका एका वळीत हायत, ती वळ खाली घरापर्यंत जाती. बरोबर?"

"बरोबर."

"मग ती मधी पाण्याच्या काठालाबी लागत असंल."

मी सोऱ्यातला चीक बघत बसले. हे मी नववीला शिकवते. दोन खुणा एका रेषेत आल्या की तुम्ही त्या रेषेवर कुठेतरी आहात, नेमके कुठे ते त्या दोघी सांगत नाहीत. आईने चौथीनंतर शाळा पाहिलेली नाही.

"लागते," मी म्हटलं.

"मग तिथवर ने."

मे अखेरीला गेलो. मामेभावाने गाडी आणली, साताऱ्यावरून कास ओलांडून खाली उतरलो, पुढे लाँचने. लाँचवाल्याने आम्हाला देवळाच्या खालच्या अंगाला उतरवलं. पाणी आणखी उतरलं होतं, देवळाचं आवार पूर्ण कोरडं होतं. आजूबाजूला जोत्यांच्या रांगा. आईने देवळाला नमस्कार केला, जोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ओढ्याची कोरडी घळ ओलांडून काठाकाठाने चालायला लागली. चिखल वाळून कडक झाला होता, तरी मामेभाऊ म्हणत होता, "आत्या, दमानं." ती उगवतीकडे तोंड करून आडवी चालत होती, खेकड्यासारखी. चार पावलं, थांबायची, बघायची. बुटका डोंगर होता. एकच शिंग दिसत होतं. मग त्यामागून दुसरं निघालं. मग पंधरा-वीस पावलांवर मागचा सुळका डाव्या शिंगाआडून डोकावला आणि मधल्या खाचेकडे सरकू लागला. मी हे हजारदा फळ्यावर काढलंय. प्रत्यक्ष सरकताना पहिल्यांदा बघितलं.

ती थांबली. सुळका मधोमध होता.

मी मागे वळून पाण्याकडे बघितलं. सपाट, हिरवट, कडेला फेस. रेषा तिथून आत जात होती. किती आत, तेही मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

"कमी दिसतंय," आई म्हणाली. "बारकं दिसतंय टोक. आमच्या अंगणातनं अख्खं दिसायचं."

"आपण डोंगराच्या जवळ आहोत ना, आई. पुढचा डोंगर आड येतो. घर अजून मागे होतं."

"मागं म्हंजे नदीकडं."

"हो."

तिने चपला काढल्या आणि तोंड डोंगराकडेच ठेवून एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. घोट्याएवढं पाणी आलं. मामेभाऊ ओरडला, "आत्या, गाळ हाय तिथं!" मी पळत जाऊन तिचा दंड धरला. माझ्या चपला गेल्या गाळात. तिने आणखी एक पाऊल मागे टाकलं. लुगडं भिजून पोटऱ्यांना चिकटलं होतं. आठवीत असल्यापासून मी तिला गुडघे दुखतात म्हणून कुरकुरताना ऐकलंय, तिथे एक शब्द नाही.

"आई, बास."

"थांब जरा. वर येतंय."

तीन-चार पावलांनी एवढ्या लांबच्या सुळक्यात डोळ्याला दिसेल असा फरक पडत नाही. पोरांनी पेपरात असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

"येतंय का?" मी विचारलं.

"येतंय की. बघ ना."

मी बघितलं. मग तिचा दंड नीट धरला, पायाखालचा गाळ अंगठ्याने चाचपला, आणि आम्ही दोघी आणखी एक पाऊल मागे सरकलो.